नमुन्याचं घर

ऋतुजाला बघायला आलेली मंडळी पोहे खात होती, नेमका तेव्हाच भिंतीवरचा सरकारी पाहणीचा डबा बोलला. "नमस्कार सुरेखाताई. या महिन्याचा प्रश्न. घरात पाणी पुरेसं येतं?"

ऋतुजाची आई सुरेखा लगबगीने डब्यापाशी गेली. एरवी ती डब्यापुढे पोटतिडकीने रडगाणं गायची. पण आज मुलाची आई ऐकत होती, आणि पाण्याला महाग असलेल्या घरची मुलगी कोण सून करून घेईल?

"भरपूर येतं," ती हसून म्हणाली. "दिवसभर नळ असतो."

"नोंद झाली. आभारी आहे."

बाहेर एकदम आरडाओरडा झाला. सुरेखाने खिडकीतून पाहिलं. वेशीपर्यंत आलेला बिनचालक टँकर तिथूनच माघारी वळला होता आणि हंडे घेतलेल्या बायका त्याच्यामागे धावत होत्या.

"अगं बाई! थांबा हो, खोटं बोलले मी!"

"उत्तर बदलता येत नाही, ताई. पुढच्या महिन्यात विचारू."

मुलाची आई पांढरीफटक पडली. "तालुक्यातून नमुन्याला निवडलेलं एकमेव घर, ते तुमचं?" तिने विचारलं. "अहो, आमच्या गावचा टँकरही तुमच्याच उत्तरावर येतो!"

आणि तिने पेल्यातलं उष्टं पाणी हलक्या हाताने परत तांब्यात ओतलं.