उंदरांची पंगत

“उंदरांचं बरं हाय,” कावेरी तोंड वाकडं करून पुटपुटली. “त्यांना नळीनं थेट पोटात सोडतेत. जिभंला पत्ताच न्हाई.”

“घे गुमान,” पार्वतीबाई म्हणाल्या. सुनेच्या पेल्याचा तळ दिसेपर्यंत त्या समोरून हलत नसत. गुळवेलीचा रस, तोही कडुनिंबावर चढलेल्या वेलीचा. कडूपणाला तोटा नव्हता.

कावेरीचा नवरा काशीनाथ परभणीला एका कॉलेजात उंदरांच्या खोलीवर होता. छातीत गाठी उठवलेल्या उंदरांना तिथं हाच रस पाजून बघत होते. कावेरीच्याही छातीत गाठ. ती काढायला औरंगाबादच्या डॉक्टरांनी बोलावलं होतं. पण नामांतराच्या दंगलीत एसट्या बंद पडल्या, तोवर काशीनाथनं वेल आणायला सुरुवात केली, आणि एसट्या सुरू झाल्या तरी औरंगाबादचं नाव कुणी काढलं नाही. आता कावेरीच्या जिवाचं जे काय बोलणं व्हायचं, ते उंदरांवरून. रोज संध्याकाळी ती विचारायची, “माझ्या जावा कशा हायेत?” काशीनाथ म्हणायचा, “झकास.”

आज तो भर दुपारीच घरी आला. चपला काढताना हसत होता. जरा जास्तच.

“सायेब लय भडकलं, माय. घरी जा म्हणलं.”

“काय केलंस रं?”

“खोलीत दोन फळ्या हायेत. वरच्या उंदरांना रस, खालच्यांना नुसतं पाणी. सायबाचा कायदा. आता एकाच पंगतीत एकाला तूप वाढायचं अन् दुसऱ्याला कोरडं ठेवायचं, ही कुठली रीत? खालची नुसती टकामका बघायची. मी सायबाची पाठ फिरली की त्यांनाबी रस पाजायचो. आज सायबानं तपासलं. म्हणलं, दोन्ही फळ्यांवरची सारखीच कशी रे? मग सांगून टाकलं. सायेब, आपल्याच्यानं पंक्तिप्रपंच होत न्हाई.”

पार्वतीबाईंनी पदर तोंडाला लावला. “बरं केलंस. मुक्या जिवाची दुवा लागती, बाबा.”

कावेरीही हसली. सायबाचं तोंड कसं झालं असेल, ते तिच्या डोळ्यांसमोर आलं. हसताना काखेत कळ निघाली, तिनं तिथं हात दाबून धरला. मग हसू थांबलं.

“सारखी म्हंजे कशी वो?”

काशीनाथ सदरा खुंटीला अडकवत होता. अडकवलेला सदरा त्यानं काढला, झटकला, परत अडकवला.

“उन्हातून आलाय, आधी जेवू दे त्याला,” पार्वतीबाई घाईनं म्हणाल्या. “पिठलं गार व्हायलंय.”

“वरच्या फळीवर किती हायेत आता?”

“कुणी न्हाई.”

“अन् खालच्या?”

काशीनाथ पाठमोराच उभा राहिला. सदऱ्याच्या बाहीची घडी बोटांनी सरळ करत राहिला.

पार्वतीबाईंनी रिकामा पेला उचलला. विसळायला म्हणून मोरीपर्यंत गेल्या, तशाच परत आल्या. “उंदराचा जीव तो केवढा,” त्या म्हणाल्या. “माणसाचं येगळं असतंय. उद्यापून दोन पेले देऊ. घट्ट काढू जरा. काय रं काशीनाथा?”

काशीनाथनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाही ठाऊक नसावं.

कावेरी दोघांकडं बघत होती. दोघंही तिच्याकडं सोडून सगळीकडं बघत होते.

“आत्याबाई,” ती म्हणाली, “मला मरायचं न्हाई.”