दार नसलेला डबा

मालगाडीचे जुने सागवानी डबे एव्हाना मोडीत निघाले होते. रेल्वेच्या साहेबाला प्रदर्शनात मांडायला एक तरी हवा होता. त्याचा माणूस चंद्रभान महिनाभर हिंडला, तेव्हा कुठं खापा गावच्या एका वावरात त्याला तसा डबा दिसला. चाकं नव्हती, दार नव्हतं. आत गोपिकाबाई राहत होत्या.

"बाई, याचं दार कुठं गेलं?"

"चुलीत घातलं."

"अवो, अस्सल सागवान होतं ते! काहून जाळलं?"

"मोठ्या दुष्काळात माय मले घेऊन याच्यात चढली होती, सांडलेले दाणे वेचाले. कोणी तरी बाहेरून कडी लावली, अन् गाडी सुटली." गोपिकाबाईंनी चौकटीवरच्या नखांच्या ओरखड्यांवरून हात फिरवला. "हे तिचेच. रेल्वेच्या लिलावात यावरूनच वळखला, अन् घेतला मी डबा. दार उघडलं ते चार दिवसांनी, थेट इतवारी टेसनावर. मी एकटीच उतरली."

 चंद्रभान हळूच म्हणाला, "डबा आम्हाले द्या, बाई. रेल्वे तुम्हाले चांगलं घर बांधून देते."

"न्या ना, खुशाल न्या," बाजूला सरत त्या म्हणाल्या. "पण पहिले मायले उतरू द्या."