चार्ज न दिलेली खोली

टेबलावर पसरलेल्या नकाशात जिल्हा परिषदेच्या आवारातल्या बालवाडीवर लाल फुली होती. जुनी कागदपत्रं ठेवायला कचेरीत जागा उरली नव्हती. बालवाडी पाडून तिथे नवी रेकॉर्ड रूम बांधायची, एवढ्यावर साहेबांची सही व्हायची बाकी होती.

"साहेब, जागा आहे की तुमच्याकडे," बालवाडीच्या निवृत्त बाई वेणूताई म्हणाल्या. "त्या मागच्या कपाटांच्या रांगेआड."

"आजी, तिथे भिंत आहे," तरुण इंजिनिअर हसला.

"भिंत नव्हे, दार. आत मोठं दालन आहे. आमची बालवाडी पहिली दोन वर्षं तिथेच भरायची. मग ते भांडारपालांकडे गेलं. त्यांची बदली झाली, तेव्हा रागाच्या भरात ते चार्ज न देताच, किल्ली घेऊन निघून गेले. कुलूप तोडायची जबाबदारी कोण घेणार? लावली पुढे कपाटं!"

साहेबांनी कपाटं सरकवायला लावली. चार शिपायांचा घाम निघाला, आणि मागे खरंच दार निघालं. साहेबांनी स्वतःच्या जबाबदारीवर कुलूप तोडायला लावलं. आत सगळं रेकॉर्ड मावेल एवढं दालन होतं. भिंतीवर वेणूताईंनी चाळीस वर्षांपूर्वी रंगवलेला अननस अजून पिवळा होता.

इंजिनिअरने नकाशावरची फुली खोडली. बाहेर बालवाडीतली पोरं तारस्वरात पाढे म्हणत होती.

वेणूताईंनी तुटकं कुलूप साहेबांच्या हातावर ठेवलं. "आता चार्ज नीट लिहून घ्या हो. पुढच्या खेपेला सांगायला मी नसेन."