अळणी सोमवार

"मीठ बंद. खडासुद्धा नाही," धुळ्याचे डॉक्टर बजावून म्हणाले होते. "आणि ऐका, हा क्षय नाही. नडगीवर अंगठा दाबून दहा आकडे मोजा. खळगा राहिला की समजा, पाणी भरलंय. धाप हृदयाची आहे, फुफ्फुसाची नाही. तिला आडवी निजवू नका, पाठीला उंच टेकण द्या. हे थेंब रोज द्या. जगेल पोरगी."

ऐकायला एकट्या भिकुबाई होत्या. सून भागा बाहेर बैलगाडीत धापा टाकत बसली होती.

गावात शिरताच भिकुबाईंनी सांगितलं, "क्षय शे." त्याच दिवशी भागाची वळकटी मळ्यातल्या झोपडीत गेली. मुलगा कौतिक तिकडे फिरकेना. थेंबांची बाटली देव्हाऱ्यामागे राहिली, बूचही न काढलेली.

शिरपूरचा जीवराम कौतिकला आपली मुलगी द्यायला तयार होता. पण पहिली असेपर्यंत नाही. "आखाजीच्या आत बठ्ठं मोकळं व्हई," भिकुबाईंनी त्याला शब्द दिला होता. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आता चार दिवसांवर आली.

काल भागा झोपडीतल्या मेढीला टेकून बसली होती. भिकुबाईंनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला. मनात दहा मोजले. खळगा तसाच. त्यांनी त्यावर लुगड्याचा काठ ओढून घेतला.

"आत्याबाई, तोंडले... चव नही. मीठ लायेल कैरी... आनशात?"

"आनसू, पोरी. उद्या नक्की."

आज सोमवार, भिकुबाईंचा अळणी उपास. अंघोळ झाली, पूजा झाली, एकशे आठ नामं झाली. मग त्यांनी कैऱ्या चिरल्या, फोडींना मीठ चोळलं. चव बघायची सोय नव्हती, व्रत मोडलं असतं. म्हणून अंदाजाने आणखी एक मूठ टाकली.

शेजारच्या ओट्यावर बसलेल्या वच्छलाबाईंनी त्यांना पाहून तोंडाला पदर लावला. "अक्का, असा रोगमा कोन जास? तुम्ही जातस. देवमाणूस शेतस तुम्ही."

"शब्द दियेल शे, माय," भिकुबाई हळूच म्हणाल्या.

वाटीत फोडींना पाणी सुटलं होतं. ते सांडू नये म्हणून हलक्या पावलांनी त्या मळ्याकडे निघाल्या.