सत्काराची रिंग

दुष्काळ पडला म्हणून साखर कारखान्याच्या चेअरमननी फर्मान काढलं, "उसाची पहिली मोळी टाकायच्या कार्यक्रमात फुलांचा एकबी हार न्हाई!" पण पाहुणे आप्पासाहेब स्टेजवर आले आणि त्यांचा मोकळा गळा काही चेअरमनना बघवेना. साखर शिजवायच्या व्हॅक्यूम पॅनला हवाबंद करणारी तांब्याची नवीकोरी रिंग पूजेत झळकत होती. त्यांनी तीच उचलून पाहुण्यांच्या गळ्यात घातली. टाळ्या, फटाके, हलगी! त्या धुमधडाक्यात आप्पासाहेब रिंगेसकट पुढच्या कार्यक्रमाला रवानासुद्धा झाले.

आता पॅन चालवायचा कसा? फिटर बंकट कपाळ बडवत मोटरसायकलवर सुटला. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर त्यानं गाडी गाठली, तर आप्पासाहेबांचा गळा रिकामा!

"आरं, पलीकडच्या कारखान्यावर आमी बी त्यांच्या चेअरमनचा सत्कार केला की," ते खुशीत म्हणाले.

बंकट धापा टाकत तिथं पोचला. त्यानं तोंड उघडायच्या आत तिथल्या फिटर आसारामनं त्यात पेढा कोंबला.



"खा बे! आमच्या पॅनची रिंग सकाळीच फुटलती, आन् कोण्या देवमाणसानं नवी चेअरमनच्या गळ्यात घालून धाडली. आत्ताच बसवली, तिळभर हवा घेत न्हाई!"