पुढची ओळ

रोह्याच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये त्या रविवारी बाहेरगावचे प्रचारक आले होते. आवाज मोठा खणखणीत. "घरात दुखणं येतं ते पापामुळंच," असं म्हणत त्यांनी पुराव्याला बायबल उघडलं आणि वाचलं : जन्मापासून आंधळा असलेला माणूस पाहून शिष्यांनी येशूला विचारलं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? एवढं वाचून बायबल मिटलं.

मैनाच्या मांडीवरची तान्ही लेक जन्मापासून आंधळी. मैनाने मान खाली घातली.

"पुढची ओळ वाचा," पहिल्या रांगेतून म्हाताऱ्या हौसाबाई बोलल्या.

"त्याची गरज नाही, आजी."

"हाय. वाचा."

प्रचारकांसाठी कोण थांबतंय! भराभर पानं उलटली आणि अख्ख्या चर्चने येशूचं उत्तर एका सुरात वाचलं : पाप याचंही नाही, याच्या आईबापाचंही नाही. मैना रडत होती, हसत होती, लेकीचे मुके घेत होती.

प्रचारक घाम पुसत म्हणाले, "आजी, बायबलचा बराच अभ्यास दिसतो तुमचा."

"कसला अभ्यास! मला वाचाया कुठं येतंय? आमचे हे बोटीवर व्हते. त्यांचं पत्र आलं की नणंद वाचून दाखवायची, आनि 'आईला नमस्कार' झालं की हसत घडी घालायची." ऐंशीच्या हौसाबाईंनी चक्क पदर तोंडाला लावला. "पुढची ओळ माझी असायची."