बोथट सुई

"काका, ही सुई बोथट आहे. वापरलेली खपवताय का?" शिलाई मशीनच्या सामानाच्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर मी विचारलं आणि पर्समधलं भिंग पुढे केलं. सुईचं टोक खरंच गोल होतं.

खटावकर काकांचे कान लाल झाले. "होजिअरीच्या कापडाला तशीच लागते, ताई."

"टोचायला टोक लागतं, काका. एम.एस्सी. झालेय मी."

गिऱ्हाइकं हसली. काकांनी अणकुचीदार सुई काढून दिली.

आईचा खांदा आखडलाय, म्हणून मी तिच्यासाठी होजिअरीच्या, ताणणाऱ्या मऊ कापडाचा टॉप शिवत होते. शिवण सुरेख आली. पण आईने हात घालताच शिवणीलगत बारीक भोकं उमटली आणि तिथून कापड उसवत खाली गेलं.

"राहू दे गं, घरात चालेल," आई म्हणाली.

मी कापड भिंगाखाली धरलं. ते स्वेटरसारखं फासात फास अडकवून विणलेलं होतं. माझ्या धारदार सुईने ते फास तोडले होते. गोल टोक त्यांना बाजूला सारून मधून गेलं असतं.

संध्याकाळी दुकानाशी गेले. आत तीन बायका होत्या. आरोप मी सगळ्यांदेखत केला होता; माफी मागायला मात्र दुकान रिकामं व्हायची वाट बघत फुटपाथवर थांबले.

काका स्वतःच बाहेर आले. कागदाची पुडी माझ्या हातात ठेवत, आतल्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "घ्या ताई. तुमची सुई बाजूला ठेवली होती."